वर्कशॉपमधली पोरं टिकावीत, कामात त्यांचं मन लागावं म्हणून काय करता येईल?

भोसरीकर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात होतं, आज लिहितोच. भोसरी एमआयडीसीत जॉबवर्कचं, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे पार्ट बनवून द्यायचं वर्कशॉप आहे, मालक वेगळे, मी प्रॉडक्शन बघतो. सीएनसी टर्निंग (कॉम्प्युटरवर चालणारे लेथ), दोन व्हीएमसी (तसंच मिलिंग मशीन), थोडं ग्राइंडिंग. ऑपरेटर, सेटर (नव्या पार्टसाठी मशीन लावून देणारे), हेल्पर आणि क्वालिटीची मुलं धरून तीसेक जण. बहुतेक पोरं लातूर, बीड, धाराशिव, नांदेडकडची, काही बुलढाण्याची, थोडी यूपी-बिहारची. आयटीआय झालेली, नाहीतर बारावी करून सरळ पुण्याची गाडी धरलेली.

अडचण अशी की दिवाळीचा बोनस हातात पडला की दरवर्षी चार-पाच जण गावाला जातात ते परत येतच नाहीत, फोन लावला की कळतं चाकणला दुसरीकडे लागला. जे राहतात त्यांचंही मन कामात नाही असं मला सारखं जाणवतं. मशीनला वेगळा आवाज येतोय हे ऑपरेटरला कळलेलं असतं पण तो सांगत नाही, पार्ट साइजबाहेर जायला लागला की ऑफसेट (टूलच्या मापातली दुरुस्ती) मारत मारत शिफ्ट काढतो आणि पुढच्या शिफ्टवाल्याच्या गळ्यात घालून मोकळा होतो. आळशी म्हणावं तर तसंही नाही, कारण हीच पोरं खंडेनवमीला मशीन असं पुसतात आणि झेंडूची माळ अशी घालतात की बघत राहावं.

मालकांनी मागे एक प्रेरणादायी भाषण ठेवलं होतं, दोन तास भाषण, नंतर नाश्ता. पोरांनी टाळ्या वाजवल्या, दुसऱ्या दिवशी सगळं जिथल्या तिथे. मग महिन्याचा उत्तम कामगार म्हणून फोटो लावायला सुरुवात केली तर ज्याचा फोटो लागला त्याच्याशी बाकीचे धड बोलेनात. आता मालकांचं म्हणणं असं की पगार वाढवूनही माणूस जाणारच असेल तर वाढवायचा कशाला. मला ते पटत नाही पण त्यांना समजावायला माझ्याकडे नीट मुद्देही नाहीत.

ज्यांनी छोट्या कारखान्यात, दवाखान्यात, दुकानात माणसं सांभाळली आहेत त्यांनी लिहा, आणि जे स्वतः अशा ठिकाणी काम करतात त्यांनी तर नक्कीच लिहा. जिम आणि कॅफेटेरिया आमच्याकडे होणार नाही, तेवढं सोडून बोला.

पंचगंगा

आधी एक सांगा भाऊ, तुमच्याकडं पगार किती तारखेला होतो?

भोसरीकर

दहा ते अठराच्या मध्ये. मोठ्या गिऱ्हाईकाचे पैसे आले की होतो.

पंचगंगा

मग निम्मं उत्तर तिथंच हाय बघा. वेतन देण्याचा कायदा आधी १९३६ चा होता, २०२५ पासून वेतन संहिता आलीय, पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत पगार झालाच पाहिजे. कायदा बाजूला ठेवू, पोराच्या बाजूनं बघा. खोलीचं भाडं ५ ला, मेसचे पैसे १ ला, गाडीचा हप्ता ७ ला कटतो, खात्यात पैसे नसले की बँक वर दंड लावती. म्हंजे तुम्ही पगार १५ ला केला तर पूर्ण दिला तरी त्याला तो कमीच पडतो, आणि दर महिन्याला कुणाकडं तरी हात पसरावा लागतो. असा माणूस तुमच्या मशीनचा आवाज कशाला ऐकत बसंल?

आमची शिरोलीला फाउंड्री आहे. उन्हाळ्यात भट्टीजवळ उभं राहणं काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच ठावं. तरी आमच्याकडं पंधरा-पंधरा वर्षांची माणसं आहेत, आणि पगार आम्ही गावात सगळ्यात जास्त देतो असं अजिबात न्हाई. एक तर तारीख चुकत न्हाई. दुसरं म्हंजे सुट्ट्या. आमची निम्मी माणसं शेतीवाली, आधी काय व्हायचं, उसाची लावण आली, भांगलण आली, तोड आली की न सांगता गायब, मग आमचे सुपरवायझर चिडायचे, खाडा लावायचे, भांडणं. आता आम्ही वर्षाच्या सुरुवातीलाच बसून विचारतो की बाबा तुझं शेतीचं काम कुठल्या महिन्यात, तुला जोतिबाची यात्रा करायची का, वारीला जायचंय का, आणि त्या हिशोबानं कोण कधी रजेवर ते ठरवून भिंतीवर लावतो. खाडे एकदम कमी झाले. ह्यात आम्हाला रुपयाचा खर्च न्हाई.

जास्वंदी

पंचगंगा, फार छान लिहिलंत. मी एचआरमध्ये आहे, आधी उत्पादन कंपनीत होते, आता सर्व्हिस क्षेत्रात. तुम्ही जे सांगताय त्याचा अभ्यासही झालेला आहे. फ्रेडरिक हर्झबर्ग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने पिट्सबर्ग भागातल्या सुमारे २०० इंजिनियर आणि अकाउंटंट लोकांना विचारलं की नोकरीत तुम्हाला फार छान कधी वाटलं आणि फार वाईट कधी वाटलं. १९५९ साली त्याने मांडलं की नाराजीची कारणं आणि समाधानाची कारणं वेगवेगळी असतात. पगार, साहेबाची वागणूक, कंपनीचे नियम, कामाची जागा या गोष्टी बिघडल्या तर माणूस नाराज होतो, पण त्या दुरुस्त केल्या म्हणून तो कामावर खूश होतो असं नाही, फक्त नाराजी जाते. खूश होतो तो काम नीट जमलं, कुणी दखल घेतली, जबाबदारी मिळाली, पुढे जायला वाट दिसली की.

म्हणून भाषण फुकट जातं. पगार १५ तारखेला आणि संडासला कडी नाही अशा ठिकाणी उत्तम कामगाराचा फोटो लावला तर लोकांना तो अपमान वाटतो. पहिला मजला न बांधता दुसऱ्याला रंग दिल्यासारखं आहे ते.

मांजराकाठचा

मी ऑपरेटर आहे, भोसरीतच, धागाकर्त्याच्या कंपनीत नाही. आठवी शिफ्ट संपवून खोलीवर येऊन लिहितोय म्हणजे जरा विस्कळीत होईल. (आठवी म्हणजे आठ तासाची, आमच्यात तसं म्हणतात, बाराची असली की बारावी.)

ताईंनी लिहिलेलं वाचलं. पण इंजिनियर आणि अकाउंटंटला विचारलेलं आम्हाला कसं लागू होईल? त्यांचं घर पगारात भागून वर उरत असेल. माझ्या पगारातून गावाकडं पैसे जातात, बहिणीचं लग्न झालं त्याचं कर्ज चालू आहे. दोन हजार वाढले तर मला समाधान होतंच, नुसती नाराजी जाते असं नाही. त्यामुळे पगार खालच्या मजल्यात टाकून लोक जे बोलायला लागतात की पैशानं काही होत नाही, ते मला पटत नाही. पैशानं होतं. फक्त पैसा एकटा पुरत नाही एवढं खरं.

आता मन का लागत नाही ते सांगतो. एक, शिफ्ट सुटायला अर्धा तास राहिला की सुपरवायझर येऊन म्हणतो आज थांब, दुसरा आला नाही. विचारत नाही, सांगतो. डबा एकच आणलेला असतो. दोन, ओटी म्हणजे ओव्हरटाइम. कायद्यानं दुप्पट आहे हे आम्हाला आयटीआयला शिकवलेलं, हातात सिंगल येतो, विचारलं तर म्हणे परवडत नसेल तर गेट उघडं आहे. मागच्या एका ठिकाणी तर ठेकेदार पगार बँकेत टाकायचा आणि त्यातले काही कॅशमध्ये परत मागायचा. तीन, रिजेक्शन झालं की पैसे कापतात. कापायच्या आधी माणसाला त्याचं म्हणणं मांडायची संधी द्यायला पाहिजे असं कायद्यात आहे, पण विचारतो कोण? कास्टिंगमध्येच ब्लो होल (ओतताना राहिलेली पोकळी) असला, इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) आधीच्या शिफ्टनं घासलेला असला, तरी ज्याच्या हातात पार्ट सापडला त्याच्या नावावर.

आणि धागाकर्त्यानं लिहिलंय ना की आवाज आला तरी ऑपरेटर सांगत नाही. का सांगेल? मी एकदा सांगितलं होतं स्पिंडलला आवाज येतो म्हणून. मशीन बंद ठेवली, टार्गेट पडलं, आणि महिनाअखेरीला टार्गेट कमी म्हणून माझा इन्सेंटिव्ह गेला. पुढच्या वेळी आवाज आला तर मी काय करीन तुम्हीच सांगा. बाजूच्या मशीनवरच्या पोरानं हे बघितलं, तोही शिकला.

भोसरीकर

मांजराकाठचा, मनापासून लिहिलंत, आभार. तुमचा शेवटचा मुद्दा वाचून मी आमचा इन्सेंटिव्हचा तक्ता काढून बघितला. आमच्याकडेही मशीन बंद राहिल्याचा वेळ टार्गेटमधून वजा होत नाही. सोमवारी मालकांशी बोलतो.

चाकण_युनिट

सगळं ऐकायला चांगलं आहे पण मालकाची बाजू कुणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितो. माझं छोटं युनिट आहे. मी पगार ७ ला देतो, बोनस देतो, पीएफ-ईएसआय (कामगार विमा) सगळं भरतो, तरी पोरं जातात. समोरच्या मोठ्या कंपनीच्या ठेकेदाराने १५०० रुपये जास्त आणि बसची सोय दिली की झालं. मी त्यांना शिकवायचं, इन्सर्ट तोडू द्यायचे, पार्ट स्क्रॅप होऊ द्यायचे, सहा महिन्यांनी हाताला वळण लागलं की दुसऱ्याच्या दारात. यात माझं काय चुकतं? आणि तारखेला पगार म्हणता, मला गिऱ्हाईक ९० दिवसांनी पैसे देतं, कधी १२०. मी ओडीवर (बँकेच्या ओव्हरड्राफ्टवर) व्याज भरून पगार करतो.

पंचगंगा

व्हय, ही खरी दुखती नस हाय. माणूस टिकत न्हाई ह्याचं एक मूळ मोठ्या कंपनीच्या पेमेंट टर्ममध्ये आहे, आणि ते कुठल्याच एचआरच्या भाषणात येत न्हाई.

पण दादा, हातात काही आहे. तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हंजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी हाय का? २००६ च्या एमएसएमई कायद्यानं लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढं पैसे थांबवता येत न्हाईत, आणि करार नसला तर १५ दिवस. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. आता तुम्ही म्हणाल गिऱ्हाईकाला व्याज मागून धंदा कोण घालवंल, बरोबर हाय. पण २०२३ च्या अर्थसंकल्पात प्राप्तिकर कायद्याच्या ४३बी कलमात भर घातली की सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले न्हाईत तर गिऱ्हाईकाला तो खर्च त्या वर्षी वजा धरता येत न्हाई, प्रत्यक्ष देतील तेव्हाच. तवापासून आमच्या काही गिऱ्हाईकांचे अकाउंटवाले मार्च आला की स्वतःहून फोन करायला लागले. बिलावर उद्यम नंबर ठळक छापा एवढं करा आधी. आणि २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्स ह्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर नोंदणी बंधनकारक केलीय, तिथं बिल डिस्काउंट करून पैसे लवकर मिळतात, व्याज ओडीपेक्षा बहुतेक वेळा कमीच बसतं कारण रेटिंग गिऱ्हाईकाचं धरतात.

चाकण_युनिट

उद्यम आहे, बिलावर नंबर नाही छापलेला. ट्रेड्सचं सीएला विचारतो. धन्यवाद.

कार्यशाळा_निदेशक

मी शासकीय आयटीआयमध्ये निदेशक आहे, टर्नर ट्रेडला. चाकणच्या मित्राने विचारलंय ना की शिकवायचं आणि दुसऱ्याच्या दारात जाऊ द्यायचं का, त्यावर सविस्तर लिहितो कारण माझी पोरं मला वर्षानुवर्षं फोन करतात आणि सोडून जाण्याची कारणं मला सांगतात, तुम्हाला सांगत नाहीत.

सगळ्यात जास्त ऐकू येणारं कारण १५०० रुपये हे नसतं. "सर, दीड वर्ष झालं, एकाच मशीनला एकच पार्ट लावतोय-काढतोय, सेटिंगला हात लावू देत नाहीत" हे असतं. मुलगा आमच्याकडे दोन वर्षं थ्रेड कटिंग, टेपर, ड्रॉइंग वाचणं शिकून येतो, मायक्रोमीटर वाचता येतो त्याला, आणि तुमच्याकडे त्याचं काम काय तर दरवाजा उघड, पार्ट काढ, पार्ट लाव, हिरवं बटण. बरोबरीचा मित्र दुसरीकडे सेटर झाला की याला कळतं की आपण इथेच राहिलो तर पाच वर्षांनीही ऑपरेटरच. मग तो १५०० रुपयांचं निमित्त सांगून निघतो, कारण ते सांगायला सोपं असतं.

सेटिंग शिकू देत नाहीत याचं कारण मला माहिती आहे. जुने सेटर घाबरतात की आपली किंमत जाईल, आणि मालक घाबरतात की शिकला की जाईल. मी उलट बघितलंय. जिथे भिंतीवर कौशल्याचा तक्ता आहे, कोण कुठलं मशीन चालवतो, कुणाला सेटिंग येतं, कुणाला प्रोग्रॅममध्ये बदल करता येतो, आणि पुढच्या पायरीला पगारात किती फरक पडणार हे आधीच लिहिलेलं आहे, तिथे पोरं थांबतात. पायरी गाठेपर्यंत तर थांबतातच. आणि जो सेटर शिकवतो त्याला त्याचे वेगळे पैसे द्या, थोडे का होईना, म्हणजे त्याला दुसरा तयार झाल्याचं दुःख होणार नाही.

अजून एक, अप्रेंटिस घेताना. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा आहे, त्यात मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के अप्रेंटिस घेता येतात, नॅप्स या केंद्राच्या अप्रेंटिस योजनेत स्टायपेंडचा २५ टक्के वाटा, जास्तीत जास्त १५०० रुपये महिना, केंद्र सरकार देतं. चांगली योजना आहे. पण काही ठिकाणी मुलगा वर्षभर पूर्ण ऑपरेटरचं काम करतो आणि वर्ष संपलं की घरी, नवीन बॅच. असं तीन ठिकाणी फिरलेला पोरगा चौथ्या ठिकाणी मन लावून काम करेल ही अपेक्षा ठेवू नका, त्याचा विश्वासच उडालेला असतो. ज्याला ठेवायचंय त्याला दहाव्या महिन्यातच सांगा की तुला ठेवणार आहोत आणि इतक्या पगारावर.

जास्वंदी

निदेशक सर, +१. कंपन्यांमध्ये सोडून जाताना मुलाखत घेतात, तिथे कुणी खरं सांगत नाही कारण रिलीव्हिंग लेटर हवं असतं. त्यापेक्षा जो अजून आहे त्यालाच विचारावं. नवीन माणूस लागल्यावर महिन्याने आणि तीन महिन्यांनी दहा मिनिटं बसायचं, तीनच प्रश्न: सांगितलं होतं तसंच काम मिळालं का, कशाचा त्रास होतोय, पुढे काय शिकायचंय. सुपरवायझरने नाही, त्याच्यावरच्याने बसायचं.

आणि सूचनापेटी लावणार असाल तर आधी ठरवा की उत्तर कोण आणि किती दिवसांत देणार. टोयोटाने १९५१ मध्ये कामगारांच्या सूचनांची पद्धत सुरू केली ती अजून चालू आहे, कारण छोट्यातल्या छोट्या सूचनेलाही तिथे उत्तर मिळतं. आमच्या आधीच्या कंपनीत पेटीची किल्लीच कुणाकडे आहे ते माहीत नव्हतं.

आर्या_क

मी नर्स आहे, खासगी हॉस्पिटलमध्ये. कारखान्यातलं मला कळत नाही पण शिफ्टचं लिहिलंय ते डिट्टो आमच्याकडे. ड्युटी लिस्ट रविवारी रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर यायची सोमवारपासूनची. मुलाची शाळा, सासूबाईंची तपासणी, काहीच ठरवता यायचं नाही. मेट्रन बदलल्या, नवीन मॅडमने महिन्याची लिस्ट २५ तारखेला लावायला सुरुवात केली आणि आपापसात बदलून घ्यायची मुभा दिली, फक्त रजिस्टरमध्ये लिहायचं. पगार तोच आहे. तेव्हापासून माझ्या वॉर्डमधून कुणी सोडून गेलेलं नाही, तेच आधी दर दोन-तीन महिन्यांनी निरोप समारंभ असायचा.

मांजराकाठचा

आर्याताई, अगदी. अजून एक सुट्टीचं लिहायचं राहिलं. आमच्याकडं भोसरी-पिंपरी पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. विजेचा भार वाटला जावा म्हणून पूर्वी ठरलेली, ती तशीच चालू. माझं लग्न व्हायचंय म्हणून मला फरक पडत नाही पण आमचे सेटर आहेत, त्यांची दोन पोरं शाळेत, पोरांना रविवार आणि यांना गुरुवार. फर्स्ट शिफ्ट असली तर ते निघतात तेव्हा पोरं झोपलेली, सेकंड असली तर येतात तेव्हा झोपलेली. ते मला म्हणाले होते की पोरगं मला पाहुण्यासारखं बघतं. एवढी वर्षं मन लावून काम केलेला माणूस, गेल्या वर्षी कमी पगारावर सोडून गेला, एका शाळेत लॅब असिस्टंट म्हणून. रविवार मिळतो म्हणून.

गिरणगावची_नात

हे वाचून फार वाटलं. माझे आजोबा लालबागला गिरणीत जॉबर (कामगारांचे मुकादम) होते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना काढली आणि कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळावी म्हणून कित्येक वर्षं झगडले, मग १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. त्याआधी सुट्टीचा ठरलेला वारच नव्हता. लोखंडे म्हणायचे की सहा दिवस आपल्यासाठी आणि पोटासाठी काम केल्यावर एक दिवस समाजाच्या कामासाठी मिळायला हवा. माणसाला आपल्या माणसांबरोबरचा दिवस मिळणं किती मोलाचं आहे हे तेव्हा कळलं होतं. भोसरीकर, सगळ्यांना रविवार देता येणार नाही हे कळतं, पण शाळेत मुलं असलेल्यांना महिन्यातून एखादा रविवार आळीपाळीने देता येईल का बघा ना.

श्टुटगार्टकर

इथल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, आधी पिंपरीत होतो. जर्मनीत पाच कायम कामगार असले तरी ते आपली कामगार परिषद निवडू शकतात, १९७२ च्या कायद्याने शिफ्टच्या वेळा आणि ओव्हरटाइम यात त्या परिषदेची संमती लागते. म्हणजे मांजराकाठचा यांनी लिहिलेलं "आज थांब" इथे सुपरवायझर मनाने म्हणू शकत नाही. आपल्याकडे असा कायदा नाही पण तीस माणसांच्या वर्कशॉपमध्ये तीन माणसं, दर शिफ्टचा एक, मालकाबरोबर महिन्यातून एकदा बसवायला कायदा लागत नाही. फक्त ती तीन माणसं कामगारांनी निवडलेली असावीत, सुपरवायझरची आवडती नकोत.

चाकण_युनिट

कमिटी केली की युनियन येते अशी आमच्याकडे सगळ्यांना भीती आहे, खरं सांगतो.

पंचगंगा

भीती ठेवून ३० माणसं चालवता येत न्हाईत. आणि ज्याचं म्हणणं आत ऐकलं जातं तो बाहेर कशाला जाईल तक्रार घेऊन.

सह्याद्री_पेरोल

पेरोलचं काम करतो, एक व्यावहारिक मुद्दा जो कुणी लिहिला नाही. ईएसआयची मर्यादा २१,००० आहे, २०१७ पासून तीच. तुमचा चांगला ऑपरेटर २०,५०० वर आहे, तुम्ही खूश होऊन १००० वाढवता आणि चालू सहामाही संपली की तो ईएसआयमधून बाहेर. त्याच्या आईची डायलिसिस किंवा बायकोची डिलिव्हरी ईएसआयवर चालू असेल तर तुमची पगारवाढ त्याला संकट वाटते. मी अशी माणसं बघितली आहेत ज्यांनी वाढ नको म्हणून सांगितलं, आणि मालकाला वाटलं याला महत्त्वाकांक्षाच नाही. ईएसआयमध्ये कामगाराचे फक्त पाऊण टक्का जातात, मालकाचे सव्वातीन टक्के, आणि आईवडील अवलंबून असतील तर तेही त्यात येतात. त्यामुळे कुणाला मर्यादेपलीकडे नेताना त्याच वेळी ग्रुप मेडिक्लेम काढा, आईवडिलांसकट, आणि पत्र हातात द्या.

पीएफचंही तसंच. दर महिन्याला भरता ना? मग सहा महिन्यांतून एकदा अर्धा तास काढून सगळ्यांच्या मोबाइलवर उमंग अ‍ॅपमध्ये पासबुक उघडून दाखवा, नॉमिनी भरून घ्या. किती पोरांना माहितीच नसतं की त्यांच्या नावावर किती जमलेत, आणि नोकरीत असताना काही झालं तर घरच्यांना ७ लाखांपर्यंत विमा आहे. तुम्ही भरलेल्या पैशाचा विश्वास तुम्हालाच मिळत नाही.

आणि बोनस देताना भाषण करू नका की कंपनीने तुमच्यासाठी किती केलं. बोनस १९६५ पासून कायद्याचा हक्क आहे, आता किमान ८.३३ टक्के. त्याच्यावर जे द्याल ते वेगळ्या दिवशी, वेगळ्या नावाने द्या.

कार्यशाळा_निदेशक

पेरोलवाल्यांच्या शेवटच्या मुद्द्याला अनुमोदन. आणि शक्य असेल तर ती वरची रक्कम मार्चमध्ये द्या, दिवाळीत नको. सगळं दिवाळीला एकदम दिलं की सोडून जायचा मुहूर्त आपणच ठरवून देतो.

भोसरीकर

सगळ्यांचे आभार, आठवड्याने लिहितोय. मालकांशी दोनदा बसलो, धाग्याची प्रिंट काढून नेली होती. सांगण्यासारखं एवढं: पगार ७ तारखेला करायचं त्यांनी कबूल केलंय, त्यासाठी एका महिन्याच्या पगाराची रक्कम वेगळ्या खात्यात बाजूला ठेवायची, बिलावर उद्यम नंबर आजपासून छापतोय. मशीन बंदचा वेळ टार्गेटमधून वजा, आणि ज्याने बिघाड आधी सांगितला त्याचं नाव मेंटेनन्सच्या रजिस्टरमध्ये, पैसे कापायचे नाहीत. कुठल्याच रिजेक्शनचे पैसे आता माझी आणि क्वालिटीची सही झाल्याशिवाय, ऑपरेटरचं म्हणणं लिहून घेतल्याशिवाय कापायचे नाहीत. शिफ्टचा तक्ता पंधरा दिवसांचा आधी लागणार. फोटोची फ्रेम काढली.

ओटी दुप्पट द्यायला मालक अजून तयार नाहीत. म्हणतात दर परवडत नाही. मी त्यांना सांगितलंय की मग ओटीच कमी करू, माणूस वाढवू, पण दिला तर पूर्ण द्यायचा. हे अर्धवट राहिलंय आणि मला ते सलतंय. रविवारचं चार जणांपासून सुरू करतोय, ज्यांची मुलं शाळेत आहेत ते. ती मशीन गुरुवारी चालवायला दोन पोरं स्वतःहून तयार झाली, त्यांना रविवार-गुरुवार सारखाच.

कौशल्याचा तक्ता लावला तर पहिल्याच दिवशी पाच जणांनी सेटिंग शिकायला नावं दिली, त्यात एक हेल्पर आहे बुलढाण्याचा, ज्याला मी शांत आणि कामापुरता समजत होतो. निदेशक सर, सुरुवात कुठून करू? रनिंग मशीन मोकळं मिळत नाही.

मांजराकाठचा

ओटीचं सोडू नका साहेब. बाकी सगळं चांगलं केलंत पण पोरं शेवटी पगाराची पावती बघतात.

कार्यशाळा_निदेशक

मशीन मोकळं ठेवायची गरज नाही. पार्ट बदलायचा असतो तेव्हा सेटर एकटाच सेटिंग करतो ना, त्या वेळी एका शिकणाऱ्याला त्याच्या बाजूला उभं करा, आधी नुसतं हातात हत्यारं द्यायला. पुढच्या वेळी सॉफ्ट जॉ (पार्ट धरणारे मऊ जबडे) बोअर करायचं काम त्याच्याकडे, मग टूल टच करून ऑफसेट भरणं, सेटरने नंतर तपासायचं. प्रोग्रॅम पहिल्यांदा सिंगल ब्लॉकवर (एकेक ओळ) आणि रॅपिड (टूलची मोकळी धाव) कमी करून चालवायला लावा, पहिला पार्ट त्यानेच मोजून क्वालिटीकडे न्यायचा आणि रिपोर्टवर त्याचं नाव. हेल्परला आधी ड्रॉइंग आणि व्हर्नियर, रोज जेवणानंतर पंधरा मिनिटं, तुमचा क्वालिटीचा मुलगा शिकवेल. पाचही जणांना एकदम सुरू करू नका, दोघं घ्या, बाकी तिघांना त्यांचा महिना कुठला ते तक्त्यावरच लिहून द्या.

भोसरीकर

बुलढाण्याचा मुलगा पहिल्या दोघांत घेतोय. सोमवारी फर्स्ट शिफ्टला पार्ट बदल आहे, तिथून सुरू.